गुटगुटीत

मराठी माणसाच्या बोलण्यात ज्या अवयवाचा उल्लेख सर्वांत अधिक येतो, तो शरीरात नेमका कोठे आहे असे विचारले, तर बहुतेकजण छातीच्या डाव्या बाजूस हात लावतील. आपले काळीज धडधडते, फाटते, पाघळते, आणि पोटच्या पोरास तर आपण काळजाचा तुकडाच म्हणतो. हे सारे बोलताना मनात असते ते हृदय. वस्तुतः जुन्या कोशांत काळीज म्हणजे यकृत. ज्यांच्या घरी मांसाहार चालतो त्यांस हे सांगावे लागत नाही. खाटकाकडून कलेजी आणणारा मनुष्य तीस हृदय समजून आणीत नाही. उजव्या बाजूस, बरगड्यांच्या शेवटच्या कमानीआड, मोठ्या माणसात सुमारे दीड किलो वजनाचा हा गडद तांबूस पिंड असतो. तो धडधडत नाही, आणि त्यात बिघाड झाला तरी बहुधा दुखतही नाही. आपण त्याचे नाव काढून हृदयास देऊन टाकले, त्यावरही त्याने कधी हरकत घेतली नाही. यावरूनच त्याचा स्वभाव ध्यानात यावा.

हा स्वभाव मद्यप्यांच्या बाबतीत किती फसवा ठरतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु दहा-अकरा वर्षांच्या, चहाखेरीज कोणत्याही उत्तेजक पेयाची चव न घेतलेल्या मुलाच्या यकृतात मेद साठतो, त्यामुळे तेथे दाह होतो, आणि काही मुलांच्या बाबतीत ऐन कोवळ्या वयात यकृत निबर होऊ लागते, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अजून कोणास फारशी खरी वाटत नाही. आमच्या कुटुंबात ती खरी मानावी लागली ती माझ्या पुतणीच्या मुलामुळे.

मुलाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. घरी सगळे त्यास बाळ म्हणतात, व अकराव्या वर्षी ते त्यास मुळीच आवडत नाही. जन्मतः तो लहानखुरा होता. पण वर्षाच्या आत त्याने असे अंग धरले की चौदाव्या महिन्यात एका सुदृढ बालक स्पर्धेत त्यास पेला मिळाला. तो पेला अजून दिवाणखान्यातील कपाटात आहे, आणि शेजारच्या तसबिरीत दंडांवर व मांड्यांवर वळ्या पडलेले ते बाळ एखाद्या लहानशा सावकारासारखे लोडाला टेकून बसलेले आहे. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आजी, ही तसबीर येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवीत. त्यांस हसणे सोपे आहे. मला ते जमत नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या नगर जिल्ह्यातील एका खेड्यात दहा वर्षांच्या होत्या. सरकारी सुकडीसाठी लागलेल्या रांगेत त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या सालात धाकटे भावंड कसे वाळत गेले ते त्यांनी पाहिले होते. ज्या बाईने मूल वाळताना पाहिले आहे तिला गुटगुटीत या शब्दात केवढा दिलासा वाटत असेल, याची कल्पना पुस्तके वाचून येणार नाही. गोवर, हगवण, अवर्षण यांच्या राज्यात अंगावरचे मांस ही शिल्लक होती, आणि शिल्लक बाळगणाऱ्यास कोणी रोगी म्हणत नसते.

बाळाच्या मानेभोवती एक काळा पट्टा होता. मागच्या बाजूस तो ठळक दिसे, आणि हात लावला तर कातडी किंचित जाड, मखमलीसारखी लागे. वहिनींनी त्याचे निदान मळ असे केले होते. दर रविवारी त्या मुलास मोरीत बसवून मसुरीच्या पिठाने, मग उटण्याने, मग लिंबाच्या सालीने ती मान घाशीत. एकदा तर भांडी घासण्याची काथ्याची घासणीही त्यांनी वापरली. मान लाल होई, मुलगा रडे, आणि पट्टा होता तसाच राही. शाळेतही त्यावरून त्यास काही नाव पडले होते; ते त्याने घरी कधी सांगितले नाही. पुढे सर्दीतापाच्या निमित्ताने एका डॉक्टरीणबाईंकडे त्यास नेले, तेव्हा बाईंनी घसा पाहण्याच्या आधी मानच पाहिली. “आजी, हा मळ नाही हो,” त्या म्हणाल्या, “उगाच घासू नका त्याला.” रक्तातील इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले म्हणजे ग्रंथी ते अधिकाधिक बनवू लागते, आणि त्या अतिरेकाची खूण मानेवर, काखेत अशी काळवंडून उमटते. ज्या मुलाच्या मानेवर ती खूण आहे आणि कंबरही सुटलेली आहे, त्याच्या यकृताकडे पाहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

कंबर मोजण्याची त्यांची रीत मला फार आवडली. त्यांनी एक सुतळी घेतली, मुलाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीइतकी तोडली, तिची बरोबर मधोमध घडी घातली आणि ती दुहेरी सुतळी त्याच्या पोटाभोवती फिरवली. टोके जुळली नाहीत. चार बोटांचे अंतर राहिले. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा अधिक असू नये, एवढाच त्याचा अर्थ. यकृतात काय चालले आहे हे सुतळी सांगत नाही. कोणाचे यकृत पाहावे, एवढे मात्र ती सुचविते, आणि त्यासाठी कोणासमोर मुलाचे वजन मोठ्याने वाचावे लागत नाही.

त्यानंतर रक्त तपासले. या तपासणीस आपल्याकडील प्रयोगशाळा अजून एस.जी.पी.टी. म्हणतात, नवे नाव ए.एल.टी. यकृताच्या पेशींत काम करणारे हे एक विकर आहे. पेशींस इजा झाली म्हणजे ते रक्तात झिरपते. माठास बारीक चीर गेली की खालची फरशी ओली होते, तसाच हा प्रकार. बाळाचा आकडा आला ५४. शेजारच्या रकान्यात छापले होते : सामान्य मर्यादा ७ ते ५६. घरात आनंदीआनंद झाला. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली, आणि पुतणीने मला दूरध्वनी करून सांगितले, “काका, सगळं नॉर्मल आहे.” संध्याकाळी कागद पाहून डॉक्टरीणबाईंनी छापील ५६ वर काट मारली व तेथे पेनाने २६ लिहिले.

हा २६ त्यांनी कोठून आणला, हे मी नंतर शोधून वाचले, आणि या सबंध प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा आकाशातून पडत नाही. निरोगी दिसणारी काही माणसे घ्यावयाची, त्यांचे रक्त तपासावयाचे, आणि त्यांपैकी बहुतेकांचे आकडे ज्या रेषेच्या आत येतात ती रेषा छापावयाची, अशी ही रीत. पण निरोगी दिसणाऱ्या त्या माणसांतच कित्येकांच्या यकृतात मेद साठलेला असेल तर? तर मग रेषाच वर सरकते. अमेरिकेतील बालरुग्णालये मुलांसाठी कोणती वरची मर्यादा मानतात, हे काही संशोधकांनी पाहिले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केले. कोठे ३०, कोठे ९०. मधला आकडा ५३. मग सडपातळ व यकृताचा कोणताही विकार नसलेल्या मुलांचेच आकडे निराळे काढून पाहिले, तेव्हा खरी मर्यादा मुलग्यांसाठी सुमारे २६ आणि मुलींसाठी २२ भरली. म्हणजे वर्षानुवर्षे कितीतरी मुलांच्या कागदावर ‘सामान्य’ हा शब्द पडत होता, तो त्यांच्यासारख्याच मुलांशी त्यांची तुलना करून. आमच्या बाळाचा ५४ हा छापील रेषेच्या आत आणि खऱ्या रेषेच्या दुपटीहून अधिक होता.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. सगळा वर्गच कच्चा असला म्हणजे परीक्षकाची नजर नकळत खाली येते आणि चाळीस गुणांचा मुलगा हुशार वाटू लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नेमके हेच चालले आहे. लग्नाकार्यात मुलांची पंगत पाहावी. पाचांतील दोघांचे शर्ट पोटावर ताणलेले असतात, आणि उरलेल्या तिघांच्या आया ‘आमचा काही खातच नाही’ म्हणून कष्टी असतात. डोळ्यांस सवय झाली की डोळे मापाच्या कामास निरुपयोगी होतात. बरे, ज्यांच्या डोळ्यांस मुलाची स्थूलता दिसते त्यांची रीत तरी कोठे बरी आहे? ते हसतात, नावे ठेवतात, भोपळा म्हणतात. वहिनींच्या कौतुकाने आणि शाळासोबत्यांच्या टवाळीने त्या मुलाच्या यकृताची दखल सारखीच घेतली, म्हणजे मुळीच घेतली नाही.

वैद्यकास तरी ही दखल कोठे फार पूर्वी आली होती? प्राचीन रोमन लोक हंसांना अंजीर चारून त्यांची यकृते फुगवीत आणि ती मोठ्या चवीने खात. अंजिरावर पोसलेल्या यकृतास ते फिकातुम म्हणत, आणि अंजिराचाच हा शब्द पुढे इतका रुळला की आज इटालियनातील फेगातो आणि फ्रेंचातील फ्वा, म्हणजे साधे यकृत, हे दोन्ही शब्द त्यापासूनच निघाले आहेत. गोड चारल्याने यकृतात चरबी साठते, हे स्वयंपाक्यांस दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. वैद्यांनी मात्र हा रोग म्हणून त्यास नाव दिले ते १९८० मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग या विकृतिशास्त्रज्ञाने वीस रुग्णांची हकीगत लिहिली. त्यांची यकृते सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मद्यप्यांसारखी दिसत, पण ती माणसे मद्यपी नव्हती. तोवर अशा रुग्णाने ‘मी पीत नाही’ म्हटले तर तो खोटे बोलत आहे असे समजण्याचा डॉक्टरांस मोह होई. तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, तीन स्थूल मुलांच्या बाबतीत हीच अवस्था नोंदली गेली. मुलांवर चोरून पिण्याचा आळ घेणे शक्य नव्हते, म्हणून की काय, तेथून हा विषय गंभीरपणे घेतला गेला.

पण किती मुलांस हा विकार असतो? जे दुखत नाही त्याची मोजदाद कशी करावी? या प्रश्नास जे उत्तर मिळाले ते वाचताना अंगावर काटा येतो. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परगण्यात १९९३ ते २००३ या काळात अपघाताने किंवा अशाच अन्य अवचित कारणांनी मृत्यू पावलेल्या, दोन ते एकोणीस वर्षांच्या ७४२ मुलांच्या शवचिकित्सेतील यकृताचे नमुने संशोधकांनी पुन्हा तपासले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने सर्व मुलांपैकी ९.६ टक्के, आणि स्थूल मुलांपैकी ३८ टक्के मुलांच्या यकृतात मेद साठलेला असतो. त्या मुलांच्या आईबापांनी आपला मुलगा धडधाकट होता असेच कोणाकोणास सांगितले असेल, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते.

अशा अभ्यासांच्या आधारे उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सांगितले की, नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान प्रत्येक स्थूल मुलाची ही रक्ततपासणी करावी. वजन थोडेच अधिक असले पण घराण्यात मधुमेहासारखे काही असले, तरीही करावी. आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ दुपटीच्या वर राहिला तर कारण शोधावे, आणि ८० च्या वर असेल तर इतकेही थांबू नये. कारण शोधावे, यातील मर्म असे की स्थूल मुलाचे यकृत बिघडले म्हणजे ते मेदामुळेच बिघडले असे नव्हे. कावीळ पसरविणारे विषाणू असू शकतात. विल्सनचा आजार असू शकतो, ज्यात शरीरातील तांबे बाहेर न पडता यकृतात साचत जाते, आणि ज्याचे औषध वेळेवर चालू केले तर मूल वाचते. लठ्ठपणावर खापर फोडून मोकळे होणारा वैद्य अशा मुलाचा घात करील. बाळाच्या या सर्व तपासण्या झाल्या आणि सुदैवाने त्यांत काही निघाले नाही. आकडा मात्र तीन महिन्यांनंतरही ५१ होता.

सोनोग्राफी आपल्याकडे गल्लोगल्ली होते, त्यामुळे लोकांचा तिच्यावर फार विश्वास. पण यकृतात मेद बराच साठल्याखेरीज तो तिला खात्रीने दिसत नाही. पाच टक्क्यांवर विकार सुरू होतो आणि वीस-तीस टक्क्यांपर्यंत ती चुकू शकते. एम.आर.आय. मेदाचे प्रमाण अचूक सांगतो, पण त्याचा खर्च ऐकून आईबापांचे तोंड उतरते. आणखी एक यंत्र आहे, ते मला विशेष कौतुकाचे वाटले. बरगड्यांवरून ते यकृतास हलकासा ठोका देते आणि त्या ठोक्याची लहर आत किती वेगाने धावते ते मोजते. यकृत जितके कडक तितकी लहर जलद. आमच्या कोकणातील आजोबा फणसावर टिचकी मारून तो पिकला की नाही सांगत, त्याच जातीची ही विद्या. सर्वांत शेवटी, शंका फिटतच नसेल तर, सुईने यकृताचा बारीकसा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुतणीने हे ऐकले आणि ती गप्प झाली. काळजाचा तुकडा हा शब्दप्रयोग तिने मुलास झोपविताना हजारदा उच्चारला असेल. त्याचा असा अर्थ तिच्यापुढे येईल असे तिला वाटले नव्हते. ती पाळी बाळावर आली नाही.

नावाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. निदानाच्या पहिल्या कागदावर जुने इंग्रजी नाव होते, आणि त्यात मद्याचा उल्लेख होता. ‘मद्यजन्य नसलेला’ एवढाच त्याचा अर्थ. वहिनींना त्यातला एकच शब्द कळला. “भाऊजी, आपल्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी तोंडात टाकत नाही, आणि पोराच्या कागदावर दारू?” असे म्हणून त्यांनी तो कागद घडी घालून पोथीखाली ठेवला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन हे नाव बदलले. नव्या नावात मद्यही नाही आणि ‘फॅटी’ हा बोचरा शब्दही नाही. चयापचयाच्या बिघाडामुळे होणारा यकृतविकार, असा त्याचा सरळ आशय आहे. नाव लांबले, उच्चारास अवघड झाले, आणि काही डॉक्टर अजूनही जुनेच वापरतात. भाषेवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यास मात्र हा बदल योग्य वाटतो. अकरा वर्षांच्या मुलास आपल्या दुखण्याचे नाव वर्गात घेता आले पाहिजे.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिचा उलगडा पुण्यातच झाला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांची अर्भके यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भके सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडातील साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली मुले सर्वच बाबतींत लहान असतील असे कोणासही वाटेल. पण तपशिलात पाहता उणीव मुख्यतः मांसाची व अवयवांची होती; कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने पुष्कळच टिकून होती. दिसण्यात कृश आणि आतून मेदाळ, अशी ही आपली जन्मजात ठेवण. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत धोक्याच्या रेषा पाश्चात्त्य मापापेक्षा खाली, प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी जुळतील अशा, आखल्या. लहानखुरे जन्मलेले आणि मग झपाट्याने अंग धरलेले मूल पाहून घरच्यांस जो आनंद होतो, त्यास मी काय म्हणावे ते मला सुचत नाही. पण त्याच्या हाती पेला देण्याची घाई कोणी करू नये.

उपाय ऐकून घरातील सर्वांची निराशा झाली, कारण औषध नव्हते. मुलांच्या या विकारासाठी खास मान्य झालेले औषध अद्याप नाही. डॉक्टरीणबाईंनी तुपाविषयी फारसे काही म्हटले नाही. त्यांचा सगळा रोख साखरेवर, आणि त्यातही प्यावयाच्या साखरेवर होता. साखरेचा निम्मा भाग असलेली फळशर्करा मुख्यतः यकृतातच पचविली जाते, आणि ती अति झाली की यकृत तिचा मेद बनविते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा विकार असलेल्या चाळीस मुलग्यांपैकी निम्म्यांच्या आहारातून वरून घातलेली साखर व फळांचे रस जवळजवळ काढून टाकले. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातील मेद सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. या प्रयोगातील एक गोष्ट मी पुतणीस मुद्दाम वाचून दाखविली : बदललेला आहार एकट्या मुलास नव्हे, तर सबंध घरास दिलेला होता.

हे आमच्या घरी रुचायला वेळ लागला. पहिले काही दिवस बाळाच्या पेल्यात ताक आणि बाकीच्यांच्या पेल्यांत बाटलीतले रंगीत पेय, असा प्रकार चालला. मुलगा काही बोलत नसे, एकदा मात्र त्याने मला विचारले, “आजोबा, मी आजारी आहे की मला शिक्षा आहे?” मी ते त्याच्या आईस जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या बंद झाल्या, दुधातली गोड पूड बंद झाली, आणि वहिनींनी स्वतःच्या चहातील साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली. ती बाई आयुष्यात कशासाठीही इतकी रडकुंडीला आलेली मी पाहिली नाही. मुलाचे वजन फारसे उतरले नाही. उंची मात्र वाढत गेली आणि वजन जागच्या जागी राहिले, आणि वाढत्या वयात तेवढेही पुष्कळ असते असे कळले. आठ महिन्यांनी आकडा ३३ आला. सुतळीची टोके अजून जुळत नाहीत, पण आता दोनच बोटांचे अंतर आहे.

त्या दिवशी मुलाचे वडीलही दवाखान्यात आले होते. हे गृहस्थ आतापर्यंत या प्रकरणात बहुतेक प्रेक्षकासारखे होते. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितले की दोन वर्षांपूर्वी कचेरीतर्फे झालेल्या सोनोग्राफीत त्यांच्याही कागदावर ‘ग्रेड एक’ असे काहीसे लिहिले होते. पण ते हल्ली सगळ्यांच्याच कागदावर असते, म्हणून तो खणात पडून आहे. डॉक्टरीणबाईंनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी टेबलावरची सुतळी बाजूला ठेवली आणि खणातून नवे रीळ काढले. बाळ कधी नव्हे इतक्या उत्सुकतेने पुढे सरकला, आणि त्याच्या वडिलांनी हळूच चपला काढून भिंतीशी टाचा टेकल्या.